दाजी, दोष सीलचा नव्हता

दाजी, तुमच्या दशक्रियेला घोड नदीच्या घाटावर माईक लावला होता. तुमच्याबद्दल सगळे चांगलंच बोलले. शीतकरण केंद्राचे जुने चेअरमन बोलले, सरपंच बोलले, तुमच्या हाताखाली काम केलेला एक ऑपरेटर बोलता बोलता रडला. "दत्तोबांनी आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही," असं एकानं म्हटलं आणि सगळ्यांच्या माना हलल्या. मग माझं नाव पुकारलं. सख्खा मेहुणा, त्यातून एकाच ठिकाणी नोकरी केलेला, म्हणजे मी बोलणारच असं लोकांनी धरलं होतं. मी बसल्या जागेवरून हात जोडले. लोकांना वाटलं, बबनला दुःखानं बोलवत नाही. दुःख होतं, नाही असं नाही. पण तोंड उघडत नव्हतं ते रागानं.

तो राग तुमच्याबरोबर जळाला नाही, म्हणून हे लिहितोय. तुम्ही होतात तेव्हा हेच सगळं मी तुमच्या तोंडावर बोललो होतो. दरवेळी तुम्ही उठून गेलात. आता उठून जाता येणार नाही तुम्हाला.

चिंचवडच्या कारखान्यातलं माझं काम सुटलं तेव्हा मला इथं चिकटवलंत तुम्हीच. हे तुम्ही मला कधी विसरू दिलं नाहीत आणि मीही विसरलेलो नाही. नव्वदीची मधली वर्षं होती ती. घरोघरी संकरित गाई आल्या होत्या. निरगुडसरच्या रस्त्याला आपलं केंद्र, आणि सकाळ-संध्याकाळ आसपासच्या गावांतून दुधाचे कॅन तिथं यायचे. ते दूध लवकर थंड झालं नाही तर नासणार. त्यासाठीच ती सगळी यंत्रणा होती. अमोनियाचा कॉम्प्रेसर मोठ्या टाकीत बर्फ धरायचा. त्या टाकीतलं गार पाणी दोन पंप आळीपाळीनं ओढायचे आणि दुधाच्या कूलरमध्ये फिरवायचे. पातळ पत्र्याच्या एका अंगानं दूध, दुसऱ्या अंगानं पाणी. दुधाची उष्णता घेऊन पाणी परत टाकीत यायचं. पंप थांबला की सगळंच थांबलं. तुम्ही मेन्टेनन्सचे इन्चार्ज, मी फिटर.

पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, "पावणं, नातं गेटाच्या भायेर ठेवायचं. आत मी साहेब."

ठेवलं. आत मी तुम्हाला साहेबच म्हणत आलो.

काम शिकवलंत ते मात्र मनापासून. मला पंपहाउसमध्ये नेलंत. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत पंपाच्या अंगावरून थेंब ओघळत होते. "हे काय हाये?" तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, "गळतंय." तुम्ही हसलात. "घाम हाये तो. आत बर्फाचं पाणी, भायेर उन्हाळा, लोखंड घामतंच. नवा माणूस घाम बघून सील काढतो आन् सील बघून घाम म्हणतो." मग फडक्यानं सगळा पंप कोरडा पुसलात, मोटरकडून येणारा दांडा पंपात शिरतो तिथं वर्तमानपत्राचा तुकडा धरलात आणि मला उभं केलंत. "बघत ऱ्हा. बोलू नको, बघ." सगळ्या अंगाला हळूहळू दव आलं, कागद कोरडा राहिला. आज नव्या मुलांना मी हेच तसंच शिकवतो. शिकवताना तुमचं नाव घ्यावं लागतं, ते मी घाईनं उरकतो.

कारण तो कागद दोन नंबरच्या पंपाला धरला की भिजायचा.

त्या दांड्यावर सील असतो. दोन गुळगुळीत कड्या, एक कार्बनची, एक चिनी मातीसारखी पांढरी, स्प्रिंगनं एकमेकींवर दाबलेल्या. दोघींची तोंडं सपाट जुळली की पाणी अडतं. दोन नंबरला नवा सील बसवला की थोडे दिवस कोरडे जायचे. मग थेंब, मग थेंबांची धार, खाली तळं. टाकीतलं पाणी कमी व्हायचं, ते भरायला नळाचं कोमट पाणी घ्यावं लागायचं, त्यानं बर्फ वितळायचा, कॉम्प्रेसर जास्त चालायचा. आणि तुमचं एकच उत्तर असायचं. "सील बदला."

मी काढलेले सील फेकत नव्हतो, खिडकीत मांडून ठेवत होतो. तुम्हाला दाखवले. सगळे एकाच अंगानं झिजलेले. "साहेब, दांडा तिरका बसतोय," मी म्हणालो.

"माल हलका येतोय आजकाल."

"एक नंबरला बी तोच माल हाये. तो टिकतो की."

"मंग दोन नंबरचं नशीब तसं म्हणायचं."

"पाइप ओढतोय त्याला," मी म्हणालो. तेव्हा तुम्ही वर बघितलंत. असं बघितलंत की जणू मी पाइपाबद्दल नाही, तुमच्या आईबद्दल काही बोललोय.

ते कशामुळं, हे मला माझ्या बहिणीकडून, अक्काकडून कळलं. केंद्र उभं राहत असताना पाइपाचा कंत्राटदार काम अर्धवट टाकून पळाला होता. भर मे महिन्यात तुम्ही दोन गडी हाताशी धरून सगळी लाइन जोडलीत. उद्घाटनाला चेअरमननी तुम्हाला शाल दिली. तो फोटो तुमच्या घरात देवाच्या शेजारी होता. तो पाइप चुकलाय असं म्हणणं म्हणजे त्या फोटोवर बोट ठेवणं होतं. एवढं समजल्यावर मी थोडा नरमलो होतो. लाइन टाकताना कुणाकडूनही होतं असं. शेवटचा तुकडा जरा आखूड पडतो, माणूस पहारीनं ओढतो आणि बोल्ट आवळतो. मी तुम्हाला बाजूला घेऊन म्हणालोही, "दाजी, आपण दोघंच सुट्टीच्या दिवशी कापू आन् सरळ करू. कुणाला सांगायचं न्हाई." तुम्ही पान्हा ठेवलात आणि चहाला निघून गेलात.

मग ती दुपार आली.

मी पुण्याला एक नंबरच्या पंपाचं बेअरिंग आणायला गेलो होतो. तो पंप उघडून पडला होता, म्हणजे सगळं ओझं दोन नंबरवर. पाळीवर ऑपरेटर इकबाल होता. जुन्नरचा पोरगा, रोज एसटीनं यायचा, हातात डबा आणि खिशात स्वतःचं फडकं. सकाळी दूध घ्यायच्या आधी त्यानं तुम्हाला सांगितलं होतं, "साहेब, दोन नंबरची धार वाढलीये. आधी सील बघू, मंग दूध घेऊ." तुम्ही म्हणालात, "एक नंबर जोडेपर्यंत चालव तसाच." हे मला नंतर तिथल्या तिघांनी सांगितलं. तुमच्या समोर बोलायची मात्र त्यांच्यातल्या एकाचीही छाती झाली नाही.

दुपारी सील गेला. पाण्याचा फवारा थेट मोटरवर उडाला, मोटर जळाली. दोन्ही पंप बंद, आणि टाक्या दुधानं भरलेल्या. मी बेअरिंग घेऊन परत आलो तेव्हा दूध नासलं होतं आणि ते मागच्या ओढ्यात सोडत होते. ओढा पांढरा वाहत होता. गेटावर माणसं जमली होती, बाया भरलेले कॅन घेऊन उभ्या होत्या, कारण संध्याकाळचं दूधही घेणार नाही असं सांगितलं होतं. एक म्हातारी रिकामा कॅन उलटा करून त्यावर बसली होती.

संचालकांची बैठक बसली. त्यांना नाव पाहिजे होतं. मी दारात उभा होतो, दाजी. मी माझ्या कानानं ऐकलंय.

"ऑपरेटरनं वाल्व बंद ठेवून पंप चालवला," तुम्ही म्हणालात. "आतल्या आत पाणी तापलं आन् सील जळाला."

इकबाल म्हणाला, "वाल्व उघडा व्हता साहेब. तुमी आलात तवा तुमी सोता हात लावून बघितला."

तुम्ही टेबलावरच्या काचेकडे बघत राहिलात. चेअरमननी विचारलं, "दत्तोबा, खात्री हाये ना?" तुम्ही मान हलवलीत. मोठ्यानं हो म्हणाला असतात तर कदाचित मला एवढा राग आला नसता. नुसती मान हलवलीत.

इकबालला काढलं. गेटातून बाहेर पडताना एकानं त्याची कॉलर धरली. मी आणि वॉचमननं सोडवलं. त्याचं लग्न त्याच वर्षी झालं होतं. सासुरवाडी मंचरची, सासऱ्याचा म्हशींचा गोठा, आणि त्या दिवशी त्या टाकीत सासऱ्याचंही दूध होतं. मला म्हणाला, "बबनभाऊ, आता मी मंचरला कसा जाऊ?"

सील मी काढला. जळालेला सील मी पाहिलेला आहे. रबर कडक होतं, कार्बनला बारीक भेगा पडतात, कडी काळी पडते. या सीलचं रबर मऊ होतं. भेग नव्हती. नेहमीसारखाच एका अंगानं झिजून पार गेलेला. तुमच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हा जळालाय का, दाजी?"

तुम्ही म्हणालात, "साहेब म्हण."

नवी मोटर आली तेव्हा मी मॅनेजरना मुद्दाम पंपहाउसमध्ये बोलावलं. तुम्हीही आलात. पाइप सोडवलेला असताना मी मोटर आणि पंप एका रेषेत बसवले, जोडावर स्टीलची पट्टी टेकवून दाखवली. पट्टी सपाट बसली. मग पाइपाचे बोल्ट आवळले आणि तीच पट्टी परत टेकवली. तिच्याखालून कागद आरपार जात होता. मग पुन्हा बोल्ट सोडले. शेवटचा बोल्ट निघाला तसा पाइप धाडकन बाजूला उडाला, भोकाला भोक जुळेना.

"म्हणजे काय?" मॅनेजर म्हणाले.

"म्हणजे हा पाइप पहिल्यापास्नं पंपाला ओढतोय," मी म्हणालो. "कडक उन्हाळ्यात जोडलाय. आत बर्फाचं पाणी आलं की आखडतो, आणखी ओढतो. सील कितीबी बदला, जाणारच. इकबालचा काय संबंध न्हाई."

मॅनेजर तुमच्याकडे वळले. तेवढी एक घडी होती, दाजी. तुम्ही 'हो' म्हणायचं होतं. शालीसकट तो फोटो राहिला असता भिंतीवर, तुम्हाला काढून टाकायची कुणाची हिंमत नव्हती. केंद्रात तुमच्याइतकं काम कुणाला येत होतं?

"मोटर काढताना पाइप हलला असंल," तुम्ही म्हणालात. "बोल्ट लाव."

"मी लावणार न्हाई."

मॅनेजर म्हणाले, "दत्तोबा सांगत असतील तर मी विषय परत बैठकीत काढतो. नाहीतर कशाला उकरायचं?" आणि ते निघून गेले. मग तुम्ही स्वतः पहार घेतलीत. धुतलेला पांढरा शर्ट अंगात होता. भोकात पहार घालून, भिंतीला पाय लावून तो पाइप ओढलात आणि एकेक बोल्ट आवळलात. तुमच्या मानेच्या शिरा मला अजून दिसतात. मी हात लावला नाही. तुम्हीही लाव म्हणाला नाहीत.

संध्याकाळी तुमच्या घरी येऊन मी भांडलो. तुम्ही जेवत होता. अक्का भाकरी वाढता वाढता थांबली. "त्याचा काय दोष व्हता?" मी विचारलं.

"पोरगं हाये ते," तुम्ही म्हणालात. "दुसरीकडं लागंल कामाला. माझं काय वय हाये का दुसरीकडं लागायचं?"

"तुमाला कोण काढतंय? नुसतं खरं सांगा म्हणतोय मी."

तुम्ही ताटावरून उठलात. अक्का मला म्हणाली, "जेवताना कशाला काढलंस?" पण तिनं माझ्याकडे रागानं बघितलं नाही. ती तुमच्या ताटाकडे बघत होती.

पुढच्याच महिन्यात माझी मढला बदली झाली. तिथल्या दूध संकलनावर फिटरचं काही काम नव्हतं. दुधाची एक लहान टाकी, तिच्यावर एक लहान पंप, आणि पावसाळाभर माळशेजकडून येणारं धुकं. कपडे वाळायचे नाहीत, कागद फुगायचे. बायको-पोरं निरगुडसरला. बदली कुणाच्या शब्दानं झाली ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिथून जुन्नर जवळ. बाजाराच्या दिवशी उतरलो आणि इकबालला शोधून काढलं. त्यानं मोटर रिवायंडिंगचं दुकान टाकलं होतं. मी त्याला पाइपाचं सगळं सांगितलं. तो तांब्याची तार गुंडाळत ऐकत होता.

"बबनभाऊ, वाल्व उघडा व्हता ते मला म्हाईतच हाये," तो म्हणाला. "तुमी सांगून काय व्हनार? तुमी त्या दिवशी पुण्याला व्हता. मंचरला मी हेच सांगितलं तर सासरा म्हणला, चोर काय म्हणनार, मी चोरी केली म्हणून? दत्तोबासाहेबांनी सांगितलं पायजे. त्यांच्या तोंडानं गेलंय, त्यांच्याच तोंडानं आलं पायजे."

मी मढला असतानाच माझी आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. मला निरोप पोचेपर्यंत तुम्ही तिला दवाखान्यात नेलं होतं. लिफ्ट बंद होती म्हणून पाठीवर घेऊन जिना चढलात. मी पोचलो तेव्हा तुम्ही तिच्या पायाशी बसला होता आणि ती मला सांगत होती, "दत्तोबा माझा पोरगाच हाये." मरेपर्यंत तेच म्हणत राहिली. मला तुमच्यावर नीट, पोटभर चिडूही दिलं नाहीत तुम्ही. त्या दिवशी मी तुमच्या पाया पडलो आणि पडतानाच मनात म्हणालो, आता तरी सांगा.

मढहून परत आलो ते नवं शतक लागल्यावर. सगळ्यात आधी पंपहाउसमध्ये गेलो. दोन नंबरचा पंप कोरडा. खाली तळं नाही, फरशीवरचं हिरवं शेवाळसुद्धा गेलेलं. पाइप कापला होता, नीट मापाचा तुकडा घालून जोडला होता. पाइपाखाली जमिनीतून लोखंडी टेकू उभा केला होता, आणि पंपाजवळ रबरी जोड बसवला होता, पाइप आखडला तरी पंपाला ओढू नये म्हणून. वेल्डिंग तुमच्या हाताचं होतं, ते मी झोपेतही ओळखीन. ऑपरेटर कौतुकानं म्हणाला, "साहेबांनीच शोधून काढलं. पाइप ओढत व्हता म्हणं. लई डोकं साहेबांचं."

मी तुमच्या खोलीत आलो. मला श्रेय नको होतं, दाजी. तुम्हाला वाटलं मी त्यासाठीच आलो. घाईनं म्हणालात, "तू बी म्हणला व्हतास, आठवतंय मला."

मी म्हणालो, "मग आता इकबालचं सांगा. पाइप चुकला व्हता हे सगळ्यांना कळलंच हाये. एक वाक्य बोलायचं राह्यलंय."

तुम्ही चष्मा पुसलात. "त्याचं दुकान बरं चाललंय. कशाला परत तो विषय?"

हे वाक्य मी तुम्हाला माफ केलेलं नाही. बैठकीतलं खोटं भीतीनं आलं असेल. पण हे वाक्य आलं तेव्हा तुम्हाला कशाची भीती नव्हती. तुमचं सगळं नीट झालं होतं, पंपसुद्धा. जो माणूस लोखंड कापून चूक सुधारतो, त्याला ती चूक होती हे माहीत असतं. तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही चष्मा पुसत बसलात.

त्यानंतर आपण कामापुरतं बोललो. लग्नकार्यात मी तुमच्या पंगतीत वाढलं, भाचीच्या हळदीला तुमच्या शेजारी उभा राहिलो, दिवाळीला अक्कानं ओवाळलं तेव्हा तुम्ही दारातल्या खुर्चीत होता. लोकांना काही कळलं नाही. तुम्हाला कळत होतं. रिटायर झाल्यावर तुम्ही एकदा मला म्हणालात, "पावणं, पूर्वीसारखं बसत न्हाई तू." मी म्हणालो, "काम असतंय." खोटंच होतं.

मंचरच्या दवाखान्यात शेवटचे भेटलो. छातीत पाणी झालेलं, नाकाला नळी. अक्का औषध आणायला खाली गेली होती. मला वाटलं, आता बोलाल. तुम्ही विचारलंत, "नव्या प्लॅन्टचे पंप कसे हायेत? सील टिकतात का?"

"टिकतात," मी म्हणालो. "पाइप सरळ हायेत."

तुम्ही डोळे मिटलेत. मरणाऱ्या माणसाला असं बोलू नये, असं आता कुणी मला सांगेल. मला त्याचं वाईट वाटत नाही. तुम्ही विषय काढलात, मी उत्तर दिलं, पुढचं वाक्य तुमचं होतं. अक्का वर आली आणि ते राहिलं.

दशक्रियेला घाटावर गर्दीच्या पार मागे एक माणूस उभा होता. दाढी पांढरी झालेली. मी जवळ गेल्यावर ओळखला. इकबाल. मी विचारलं, "तू कसा आलास?"

"यावंसं वाटलं," तो म्हणाला. "माफबिफ केलं म्हणून न्हाई आलो, बबनभाऊ. लोक काय बोलत्यात ते ऐकायला आलो." मग त्यानं मला जे सांगितलं ते तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं. दोन-तीन वर्षांपूर्वी तुम्ही त्याच्या दुकानात गेला होता. पिशवीत एक लहान मोटर घेऊन. "बाकड्यावर बसले. चहा मागवला मी. मोटरला काय झालंय विचारलं तर म्हणले, आवाज येतो. मी उघडली. काय बी झालेलं नव्हतं, वायंडिंग नवं होतं. मी तशीच बंद करून दिली. मला कळलं कशाला आलेत ते. मी हातातलं काम ठेवलं आन् वाट बघितली. लई वेळ बसले. मंग म्हणले, बरं चाललंय ना दुकान? मी म्हणलं, चाललंय. उठले आन् गेले."

दाजी, जुन्नरपर्यंत गेलात. चांगली मोटर बिघडली म्हणून उचलून नेलीत. तो समोर हात रिकामे करून बसला होता. एवढं सगळं करून त्याला परत दुकानाचंच विचारलंत.

पाहुणे गेल्यावर मी अक्कापाशी बसलो होतो. ती तुमचे कपडे वेगळे काढत होती. म्हणाली, "माझ्या मनाला एक समाधान हाये बघ. इकबालभाऊची माफी मागितली त्यांनी. मीच मागं लागले व्हते. म्हणलं, असं घिऊन जाऊ नका. गेले जुन्नरला. आल्यावर म्हणले, झालं बोलणं."

तुम्ही तिलाही फसवलं होतं, आणि आता ते खोटं टिकवायचं की नाही हे माझ्यावर सोडून गेला होता. तुमच्या खोट्यात सामील होणं तेवढंच माझ्या हातून व्हायचं बाकी होतं. अक्कानं माझ्याकडे बघितलं. "बोलले ना ते?"

"गेले व्हते, अक्का. चहा घेतला."

तिनं हातातल्या शर्टाची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. "म्हणजे न्हाई बोलले," ती म्हणाली. रडली नाही. तुमच्या जाण्यावर ती खूप रडली होती, यावर नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "इकबालभाऊचं दुकान तुला म्हाईत हाये ना?"

तिचे बाहेर पडायचे दिवस नव्हते. जावांनी, नणंदांनी सांगून बघितलं. ती ऐकेना. आम्ही एसटीनं जुन्नरला गेलो. इकबालनं बाकडं पुसून दिलं, मागं पडदा सारून चहा सांगितला. दुकानामागंच त्याचं घर. अक्का बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "इकबालभाऊ, वाल्व उघडा व्हता. आमच्या मालकांनी खोटं सांगितलं. पाइप त्यांच्याकडनं चुकला व्हता आन् नाव तुमचं घेतलं."

किती सोपं आहे ते, दाजी. अक्काचा आवाज थोडा कापला, बाकी काही झालं नाही. छत पडलं नाही.

इकबालनं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "ताई, मला न्हाई. मला म्हाईत हाये. हिला सांगा." आणि पडद्याकडे तोंड करून बायकोला हाक मारली. भाभी चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. अक्कानं त्यांच्या हातातला ट्रे घेऊन खाली ठेवला आणि सगळं परत सांगितलं, शब्द न गाळता.

भाभी ऐकत राहिल्या. "माझ्या अब्बांना कुणी सांगितलं असतं तर," त्या म्हणाल्या. "यांनी लई सांगितलं, पण नवऱ्याचं कोण ऐकतं? अब्बा शेवटपर्यंत यांच्या हातचं पाणी प्यायले न्हाईत." मग ओढणी तोंडाला लावली. काही वेळानं म्हणाल्या, "अब्बा राह्यले न्हाईत. भाऊ हायेत मंचरला."

अक्का म्हणाली, "मग मंचरला जाऊ. तुमी येताय का संगं?"

इकबाल नको नको म्हणत होता. भाभींनी आत जाऊन चप्पल घातली. इकबालनं शटर ओढलं आणि आम्ही चौघं गाडीत बसलो. अक्का आणि भाभी एका बाकावर. नारायणगाव सोडल्यावर त्या भाभींच्या वडिलांच्या गोठ्यातल्या म्हशींबद्दल बोलत होत्या, किती होत्या, किती विकल्या.

मंचरला त्यांच्या गल्लीत पोचलो तेव्हा मी म्हणालो, "अक्का, मी सांगतो." तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी म्हणालो.

"तू न्हाई," ती म्हणाली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कडी वाजवली. भाभींच्या थोरल्या भावानं दार उघडलं. बहिणीला बघितलं, मागं इकबालला बघितलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. मग अक्काकडे बघून विचारलं, "कोण आपण?"

तिनं स्वतःचं नाव सांगितलं नाही. आधी तुमचं सांगितलं.